कोकण किनाऱ्यावर दोघांची सायकल सफर: एका दिवसाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मांडव्याला बोटीतून उतरायचं आणि गोव्याच्या सीमेवरच्या तेरेखोलच्या खाडीपर्यंत किनाऱ्यानं दक्षिणेकडे जायचं, ही सफर दोघांनी करायची म्हटलं की मार्ग नकाशावर सापडतो. अडतं ते रोजच्या दिवसापाशी. म्हणून इथे फक्त एका दिवसाचे प्रश्न घेतले आहेत. सलग आठ-दहा दिवस चालवायचं असलं तरी प्रत्येक दिवस याच गणितानं जातो. उत्तरं सामान लादलेल्या, गिअरच्या सायकली आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा हंगाम धरून लिहिली आहेत.

१. आम्ही दोघं पुण्याजवळ सपाटीवर १०० किमी सहज करतो. कोकणात रोज किती धरायचे?

५० ते ६५. कोकणात किलोमीटर मोजण्यापेक्षा चढ आणि तास मोजावेत. इथला किनारी रस्ता समुद्राच्या कडेनं सरळ जात नाही. तो खाडीपाशी उतरतो, पलीकडे गेला की पुन्हा जांभ्याच्या सड्यावर (उघड्या पठारावर) चढतो आणि पुढच्या गावासाठी पुन्हा खाली येतो. एकेक चढ दीड-दोनशे मीटरचाच असतो, पण दिवसात असे पाच-सहा येतात आणि त्यांतले काही चांगलेच उभे असतात.

साधा हिशोब असा: दर १२ किमीला एक तास, शिवाय दर ३०० मीटर चढाला अर्धा तास. म्हणजे ६० किमी आणि एकूण ९०० मीटर चढ असेल तर ५ तास अधिक दीड तास, साडेसहा तास नुसते पेडल मारण्याचे. खाणं, पाणी, फेरीबोट, एखादं पंक्चर यांचे अडीच तास धरा. नऊ तास झाले. सकाळी सातला निघालात तर दुपारी चार. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे हाताशी दोन तास उरतात. हे दोन तास भरून काढायला जाऊ नका. काही बिघडलं तर तेच उपयोगी पडतात.

हिशोब दोघांपैकी हळू चालवणाऱ्याच्या वेगानं करायचा. दोघांची सरासरी काढली की संध्याकाळी हमखास अंधार होतो.

२. सकाळी नक्की किती वाजता निघावं? पाचला निघालो तर ऊन टळेल ना?

उजाडल्यावर, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत पावणेसात ते सात. पाचला निघून दीड-दोन तास अंधारात चालवावं लागतं, आणि या रस्त्यांवर अंधारात खड्डा, वाळू आणि बसलेली गुरं दिसत नाहीत. ऊन टाळायचंच असेल तर आदल्या रात्री सामान बांधून ठेवा. सकाळचा वेळ खरा तिथे जातो. दोघांनीही बॅगा रात्रीच भरलेल्या असतील तर उठल्यापासून ४५ मिनिटांत चाक फिरायला लागतं. दोघांपैकी एकाचंच सामान पसरलेलं असलं की दीड तास जातो आणि दिवसाची पहिली कुरबुरही तिथेच होते.

पहिल्या २०-२५ मिनिटांनी एकदा थांबाच. कॅरियरचे स्क्रू, बॅगेचे हूक, लोंबणारे पट्टे बघायचे आणि अंगावरचा जादा कपडा काढायचा. पाच मिनिटं पुरतात.

३. उत्तरेकडून दक्षिणेकडे जावं की गोव्याकडून वर यावं?

उत्तरेकडून दक्षिणेकडे. हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून मतलई वारे असतात आणि त्यांचा फारसा त्रास होत नाही. साडेअकरा-बारानंतर समुद्रावरून खारे वारे सुटतात आणि ते बहुतेक वायव्येकडून येतात. दक्षिणेकडे जाताना हा वारा पाठीमागून किंवा उजव्या बाजूनं लागतो. उलट दिशेनं येणाऱ्याला दमलेल्या दुपारी तो तोंडावर घ्यावा लागतो. उघड्या सड्यावर हा फरक मोठा आहे.

४. एखाद्या दिवसाचं प्रत्यक्ष उदाहरण द्याल का, वेळांसकट?

दापोली तालुक्यातलं मुरूड ते गुहागर घेऊ. (मुरूड दोन आहेत. जंजिऱ्याचं मुरूड रायगडात, हर्णैजवळचं हे रत्नागिरीत. मुक्काम ठरवताना फोनवर तालुका विचारा. या घोटाळ्यात पैसे भरून बसलेले लोक दर हंगामात भेटतात.) अंतर ५० किमीच्या आसपास, मध्ये दाभोळची खाडी.

सातला निघायचं. कर्द्यापर्यंत सपाट आणि सावलीचा रस्ता आहे, तिथे पाय मोकळे करून घ्या, वेग वाढवू नका. लाडघरनंतर चढ-उतार सुरू होतात. साडेआठच्या सुमारास बुरोंडीला नाश्ता, आणि पाण्याच्या सगळ्या बाटल्या तिथेच भरायच्या. गावाजवळ परशुरामाचं मोठं शिल्प आहे. तिथून पुढे सड्यावर सावली कमी आणि दुकानं तुरळक. या टप्प्यात साडेनऊ ते साडेअकरा जातात.

दाभोळला उतरताना लांब उतार लागतो (प्र. ११ पाहा). साडेअकरा-बाराला दाभोळ. अंगात ताकद असेल तर गुहेतलं चंडिकेचं देऊळ आणि धक्क्याजवळची जुनी शाही मशीद बघण्यासारखी आहे. जेवण मात्र इथे हलकं ठेवा, कारण धोपाव्याला बोटीतून उतरलं की चढच समोर उभा असतो. मासे-भाताच्या भरल्या ताटानंतर लगेच तो चढणं दोघांपैकी एकाला तरी बाधतंच. फेरीबोट खाडी थोड्याच मिनिटांत पार करते, पण वाट बघण्यासकट पाऊण तास धरा. धोपावे ते गुहागर दीड-दोन तास. तीन ते साडेतीनला पोहोचता, आंघोळ करून व्याडेश्वराला जाऊन येता आणि सूर्यास्ताला किनाऱ्यावर बसायला वेळ उरतो.

तीनला पोहोचल्यावर पुढे हेदवीपर्यंत रेटायचा मोह होतो. पहिल्या तीन दिवसांत तो टाळा. पाय चौथ्या दिवशी सरावतात.

५. आमच्या दोघांचा वेग सारखा नाही. पुढे कुणी राहायचं?

चढावर प्रत्येकानं आपल्या लयीत चालवायचं. वेगवान माणसाला मुद्दाम हळू चढायला लावलं तर तोही दमतो, आणि हळू असणाऱ्याला आपण कुणाला अडवतोय असं वाटत राहतं. सपाटीवर हळू असणाऱ्याला पुढे ठेवा, म्हणजे वेग आपोआप त्याचा राहतो.

थांबायच्या जागा आधीच ठरवा आणि कधीही मोडू नका: प्रत्येक फाट्यावर, प्रत्येक चढाच्या माथ्यावर, उताराच्या पायथ्याशी आणि धक्क्यावर. फाट्यावर थांबणारा फाट्याच्या अलीकडेच, मागून दिसेल असा उभा राहतो. वळून पुढे सावलीत जाऊन बसलं की मागचा सरळ निघून जातो.

आणखी एक, जे कुणी सांगत नाही: मागचा माणूस पोहोचल्यावर लगेच ‘चला’ म्हणायचं नाही. पुढच्याची दहा मिनिटं विश्रांती झालेली असते, मागच्याची शून्य. मागचा आल्यावर किमान पाच मिनिटं दोघांनी थांबायचं. दिवसाअखेर एक ताजा आणि एक संपलेला अशी जोडी दिसते, तिचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

६. शेजारी-शेजारी गप्पा मारत चालवलं तर चालेल का? आणि शर्यतीतल्यासारखं मागे चिकटून?

शेजारी फक्त रिकाम्या, सरळ रस्त्यावर. किनारी रस्ता बऱ्याच ठिकाणी एकेरी गाडीपुरता आहे, कडेला चिऱ्यांचे गडगे (दगडी बांध) आहेत आणि वळणावरून एसटी येते तेव्हा तिला सगळाच रस्ता लागतो. वळणं आणि उतार एकामागे एकच.

मागे चिकटून वारा वाचवायचा फायदा ताशी २५-३० च्या वेगात होतो. लादलेल्या सायकलीवर ताशी १३-१४ नं काहीच वाचत नाही, उलट पुढच्यानं खड्डा चुकवला की मागचा त्यात जातो. दोन सायकलींइतकं अंतर ठेवा. ‘खड्डा’, ‘वाळू’, ‘मागून गाडी’, ‘थांबतोय’ हे चार शब्द मोठ्यानं ओरडायची सवय लावा. ब्रेक दाबण्याच्या आधी ‘थांबतोय’ म्हणायचं, नंतर नाही.

७. सामान दोघांत कसं वाटायचं? निम्मं-निम्मं?

निम्मं-निम्मं केलं तर वेगातला फरक तसाच राहतो. सामायिक सामान (हत्यारं, औषधं, कुलूप, चार्जर, तंबू असल्यास तंबू) जास्त ताकदीच्या माणसाकडे जास्त द्या. दोन-तीन किलोंनी चढावरचा फरक जाणवण्याइतका कमी होतो.

अपवाद हत्यारांचा. ती नेहमी मागे राहणाऱ्याकडे. पुढचा पंक्चर झाला तर मागचा येऊन पोहोचतोच. पण हत्यारं पुढे गेली आणि मागचा अडकला, तर पुढच्याला चढ उतरून परत यावं लागतं. हत्यारांचं वजन दीड किलोच्या आसपास असतं. तेवढ्या बदल्यात मागच्याचे कपडे पुढच्यानं घ्यावेत.

प्रत्येकाकडे स्वतःचं असायलाच हवं: दोन ट्यूब, पाणी, थोडं खाणं, रोख पैसे, ओळखपत्र, दिवा, आणि रात्रीच्या मुक्कामाचं नाव-नंबर कागदावर.

८. हत्यारं आणि सुटे भाग किती घ्यायचे? वाटेत दुकानं नाहीत का?

दुकानं आहेत, पण ती गावातल्या साध्या सायकलींची. पंक्चर काढून मिळतं, चाकाचा आउट काढून मिळतो. ७००सी मापाची ट्यूब, बारीक वॉलची (हवा भरायच्या तोंडाची) ट्यूब, ९ किंवा १० स्पीडची चेन मिळेल असं धरू नका. त्यासाठी रत्नागिरीसारखं मोठं गाव गाठावं लागतं.

दोघांत मिळून: टायर लिव्हर ३, पॅचचा डबा १ (सोल्यूशनची नळी न फोडलेली, एकदा उघडलेली नळी महिन्याभरात वाळते), पंप १, ४-५-६ मिमी ऍलन की आणि स्क्रूड्रायव्हरचं जुडगं, चेन कटर, दोन क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायच्या कड्या), गिअरची वायर १, ब्रेकची वायर १, झिप टाय १०, इन्सुलेशन टेप, चेनचं तेल, जुना टूथब्रश, ५ मिमी जाडीचे कॅरियरचे स्क्रू ४, आणि जुन्या टायरचा बोटभर लांब तुकडा. टायर कडेनं फाटला की आतून हाच तुकडा लावायचा, नाहीतर ट्यूब फुग्यासारखी बाहेर येते.

प्रत्येकी: ट्यूब २, ब्रेकपॅडचा एक जोड, आणि स्वतःच्या सायकलीचा डिरेलर हँगर (मागचे गिअर बदलणारा डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा). हँगर प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, सोबत्याचा बसत नाही.

निघण्याआधी एक गोष्ट जमली तर फार सोय होते: दोघांच्या चाकाचं माप, वॉलचा प्रकार आणि चेनचे स्पीड सारखे असू द्या. मग एकाचा सुटा भाग दोघांचा होतो. वॉल वेगळे असतील तर पंप दोन्हींना चालतो का ते घरीच, हवा भरून बघा.

९. टायर कोणता आणि हवा किती?

३५ ते ४० मिमी रुंदीचा, मधून गुळगुळीत, पंक्चररोधक थर असलेला. ३५ मिमीला मागे ६० आणि पुढे ५० पीएसआयच्या आसपास; ४० मिमीला मागे ५०, पुढे ४०. वजन जास्त असेल तर थोडी वाढवा, पण टायरवर छापलेल्या कमाल आकड्याच्या वर नाही. मागच्या चाकात हवा कमी आणि कॅरियरवर भार जास्त, अशा वेळी खड्ड्यात रिमवर आपटून ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. पंक्चर काढताना एक भोक सापडलं की थांबू नका, जोडीचं दुसरं शोधा.

१०. साधी, बिनगिअरची सायकल चालेल का?

चालेल, पण चढ बहुतेक ढकलावे लागतील आणि दिवस ३५-४० किमीचा ठरेल. गिअर असतील तर सगळ्यात हलक्या गिअरमध्ये पुढे ३०-३४ आणि मागे ३४ किंवा जास्त दाते असावेत. पुढे-मागे सारखेच दाते असतील तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे २.१ मीटर जाते, म्हणजे मिनिटाला ५० फेरे मारले तर ताशी सव्वासहा किमी. कोकणातल्या चढाला हाच वेग बरोबर आहे. याहून जड गिअर असेल तर गुडघा दुखायला लागतो, तोही तिसऱ्या-चौथ्या दिवशी.

उतरून ढकलण्यात कमीपणा नाही. सोबतीचा उतरला तर तुम्हीही थोडं अंतर ढकला. खांदे आणि पाठ मोकळी होते.

११. उतारावर ब्रेकचा वास येतो, हात दुखतात. काय चुकतंय?

ब्रेक सतत दाबून धरला जातोय. लादलेली सायकल उतारावर सतत ब्रेक लावून आणली की पॅड आणि रिम किंवा डिस्क तापतात, पकड कमी होते, म्हणून माणूस आणखी दाबतो. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक जोरात लावून वेग पाडा, वळणात सोडा. रत्नागिरीजवळच्या आरे-वारेसारखे उभे उतार जिथे आहेत तिथे मध्ये थांबून हात आणि ब्रेक दोन्ही गार होऊ द्या. समुद्र दिसायला लागतो तेच वळण बहुतेक सगळ्यात धोक्याचं असतं. तिथे नजर रस्त्यावर हवी, समुद्र थांबून बघावा.

दोघांत उतारावर किमान ३० मीटर अंतर. जांभ्याची तांबडी धूळ ओल्या पॅडवर बसली की पॅड झपाट्यानं झिजतात. रोज संध्याकाळी त्यांची जाडी बघा. डिस्कचा पॅड एक मिमीपर्यंत आला की बदला.

१२. फेरीबोटीत सायकल घेतात का? कुठे कुठे लागते?

घेतात. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट जाते. पुढे आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड, आणि शेवटी तेरेखोल ते केरी. वेळा हंगामाप्रमाणे बदलतात, दुरुस्तीसाठी बोट बंदही असते. आदल्या रात्री मुक्कामाच्या घरी विचारा, गावातल्या माणसाला ताजी खबर असते. दाभोळची बोट बंद असेल तर चिपळूणवरून वळसा पडतो आणि तो एका दिवसात होत नाही.

धक्क्याचा उतार भरतीच्या पाण्यानं ओला आणि शेवाळी असतो. तिथे सायकलवर बसून जाऊ नका. दोघांनी एकाच वेळी सायकली ढकलत नेऊ नयेत: एक जण सायकल धरून, दुसरा मागून कॅरियरला हात लावून, मग दुसरी सायकल. बोटीत सायकली कठड्याला टेकवून रबरी पट्ट्यानं बांधा आणि गाड्या चढेपर्यंत जवळ उभे राहा. जीप मागे घेताना ड्रायव्हरला सायकल दिसत नाही.

रेवस ते रेडी सागरी महामार्गाची आणि त्यावरच्या पुलांची कामं चालू आहेत, त्यामुळे काही ठिकाणी रस्ता वळवलेला असतो.

१३. दिवसभर काय खायचं?

सकाळी पोहे, घावणे, आंबोळी किंवा उसळ-पाव, पोटभर. नंतर दर तासाला थोडं: एक मोठं केळं आणि दोन खजूर, किंवा चिक्कीची वडी, किंवा मूठभर गूळ-शेंगदाणे. तासाला ३० ते ६० ग्रॅम पिष्टमय पदार्थ किंवा साखर पोटात जायला हवी. भूक लागेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो (प्र. १५). दुपारी हलकं, रात्री मनसोक्त.

घरगुती जेवण हवं असेल तर दोन-तीन तास आधी फोन करावा लागतो. ऐन वेळी खानावळीत गेलं तर ‘सांगितलं नव्हतंत’ हे उत्तर मिळतं, आणि ते रास्त आहे. तिथे माणशी मोजून शिजतं. सोलकढी आणि कोकम सरबत जरूर घ्या, पण वाटेवर उघड्यावरचा बर्फ नको.

१४. पाणी किती? ओआरएस रोज घ्यायचं का?

तासाला अर्धा ते पाऊण लिटर. सायकलीवर माणशी दोन लिटरची सोय हवी, कारण सड्यावर १०-१५ किमी दुकान नसणं नेहमीचं आहे. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घालायचं. बाटली अर्ध्या लिटरची आहे म्हणून सगळं पाकीट त्यात ओतलं तर ते जास्त खारट होतं आणि उलटी किंवा जुलाब होऊ शकतात. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. दिवसाला एक लिटर पुरे, बाकी साधं पाणी. रक्तदाबाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

शहाळं उत्तम, पण त्यात मीठ कमी असतं. घाम भरपूर गेला असेल तर सोबत काही खारट खा.

१५. सोबतीचा अचानक गप्प झाला, चिडचिड करू लागला. रुसलाय की काही होतंय?

आधी खायला घाला, मग बोला. अंगातली साखर संपली की माणूस बोलेनासा होतो, साध्या गोष्टीवर चिडतो, हात थरथरतात, सायकल डोलते. ज्याला होतं त्याला ते कळत नाही, म्हणून हे ओळखणं सोबत्याचं काम आहे. दोन केळी किंवा सहा-सात खजूर, वर पाणी, सावलीत २० मिनिटं. बहुतेक वेळा माणूस परत माणसात येतो.

खाऊनही फरक नसेल, डोकं ठणकत असेल, बोलणं असंबद्ध होत असेल, अंग तापलेलं असेल तर तो उष्माघात असू शकतो. सावली, ओले कपडे, वारा, आणि १०८ ला फोन. त्या दिवशी पुन्हा सायकलवर बसवू नका, तो कितीही ‘बरंय’ म्हणाला तरी.

१६. नकाशा जवळचा रस्ता दाखवतो. घ्यायचा का?

मुख्य रस्त्यापेक्षा अर्ध्यानं जवळचा असेल तर गावकऱ्याला विचारल्याशिवाय नाही. फोनमधला नकाशा पाखाडीलाही रस्ता समजतो. पाखाडी म्हणजे चिऱ्यांच्या पायऱ्यांची वाट. लादलेली सायकल तिथून उचलून न्यावी लागते. विचारताना ‘हा रस्ता जातो का?’ असं न विचारता ‘इथून रिक्षा जाते का?’ असं विचारा. उत्तर नेमकं मिळतं. नकाशा दोघांच्याही फोनमध्ये आधी उतरवून ठेवा, सड्यावर आणि खाडीकाठी रेंज जाते.

१७. चुकामूक झाली आणि फोन लागत नसेल तर?

शोधत फिरू नका. दोघंही फिरू लागले की भेट होत नाही. सकाळीच नियम ठरवा: पुढचा अर्धा तास थांबेल, मग मागे शेवटच्या ठरलेल्या जागेपर्यंत येईल, मागचा होता तिथेच रस्त्याकडेला, दिसेल असा थांबेल. भेट नाहीच झाली तर दोघांनी पुढच्या गावच्या एसटी थांब्यावर यायचं. रेंज अगदी कमी असताना एसएमएस कधीकधी फोनच्या आधी पोहोचतो, तो पाठवून ठेवा.

१८. मुक्कामाला पोहोचल्यावर काय करायचं? आम्ही तर सरळ झोपतो.

आधी सायकल, मग आंघोळ. खाऱ्या हवेत चेन एका रात्रीत तांबूस होते. गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्यानं चेन, स्क्रू आणि रिम पुसा, कोरडं करा, चेनला तेलाचे थेंब देऊन जादाचं पुसून टाका. नळीचा जोरदार फवारा मारू नका, बेअरिंगमध्ये पाणी जातं. एकानं सायकली बघायच्या, दुसऱ्यानं कपडे धुवायचे, दुसऱ्या दिवशी उलट. दमट हवेत जाड कपडे सकाळपर्यंत वाळत नाहीत, म्हणून सायकलची पॅडची चड्डी दोन जोड घ्या आणि धुतल्यावर कोरड्या पंच्यात गुंडाळून पिळा. तिच्या आत दुसरी चड्डी घालू नका. शिवण घासून जखम होते, आणि अशी जखम झाली की सफर लवकर आटोपते.

खोली घेताना ‘सायकली पडवीत ठेवता येतील का?’ हे आधीच विचारा.

१९. आम्ही दोघी मुली आहोत. वेगळं काय बघावं?

मुक्काम शक्यतो कुटुंब राहत असलेल्या घरी घ्या आणि चारच्या आत पोहोचा. स्वच्छतागृहांसाठी एसटी स्थानक, मोठ्या देवळांचे भक्तनिवास आणि नाश्त्याची हॉटेलं लक्षात ठेवा. सड्यावर काही नसतं, त्यामुळे चढण्याआधीच्या गावात जाऊन या. त्या भीतीनं पाणी कमी पिऊ नका, त्यानं लघवीची जळजळ मागे लागते. अडचणीला ११२. एकटी पुढे, एकटी मागे असं अंतर कमीत कमी ठेवा, प्र. ५ चे थांबे आणखी जवळ घ्या.

२०. मागच्या चाकाची स्पोक तुटली. आता?

ती बहुतेक चेनच्या बाजूची असते आणि बदलायला कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) काढावी लागते, जे रस्त्यात जमत नाही. तुटलेली स्पोक शेजारच्या स्पोकला टेपनं बांधा. चाक ब्रेकला घासत असेल तर रिम ब्रेक थोडा सैल करा, आणि मागचं सामान सोबत्याच्या सायकलीवर द्या. असं हळूहळू ३०-४० किमी जाता येतं. दुसरी तुटली तर टेम्पो बघा. डिरेलर हँगर वाकला असेल तर हातानं सरळ करताना तो तुटू शकतो, त्यामुळे नवा हाताशी असेल तरच प्रयत्न करा.

२१. एकाला पुढे जाणं शक्यच नसेल तर दुसऱ्यानं सफर चालू ठेवावी का?

आजार किंवा दुखापत असेल तर दोघांनी मिळून रेल्वेपर्यंत जायचं, हे निघण्याआधीच ठरवून ठेवा. ऐन वेळी हा निर्णय घ्यायला लावणं आजारी माणसावर अन्याय आहे, तो ‘तू जा’ असंच म्हणतो. रेल्वे किनाऱ्यापासून आत आहे: दापोलीहून खेड सुमारे ३० किमी, गुहागरहून चिपळूण सुमारे ४५, मालवणहून कुडाळ सुमारे ३०. टेम्पो किंवा पिकअपमध्ये दोन सायकली आडव्या टाकताना चेनची बाजू वर ठेवा आणि मध्ये गोधडी घाला.

२२. परत येताना रेल्वेनं सायकली कशा आणायच्या?

पार्सल कार्यालयात तीन-चार तास आधी पोहोचा. तुमच्याच गाडीत लगेज म्हणून जाणार की जागा असेल त्या गाडीत पार्सल म्हणून, हे बुकिंग करतानाच विचारा. दोघांच्या सायकली वेगळ्या दिवशी पोहोचू शकतात. गाडी थोडाच वेळ थांबते अशा स्थानकावर पार्सल सहसा चढवत-उतरवत नाहीत, म्हणून मडगाव किंवा रत्नागिरी बरं. पेडल काढा, हँडल वळवून फ्रेमला बांधा, डिरेलरवर पुठ्ठा लावा. नाव, फोन आणि उतरण्याचं स्थानक पुठ्ठ्यावर ठळक लिहून दोन ठिकाणी बांधा. दिवे, मीटर, पंप, बाटल्या काढून घ्या. पावती दोघांच्या नावानं वेगवेगळी करा, म्हणजे दोघांपैकी जो आधी पोहोचेल त्याला आपली सायकल सोडवता येते.